मायकेल कार्ड्यू: खड्ड्यातली माती आणि भट्टीतला हिशोब

इंग्लंडमधल्या विंचकमला १९३०च्या आसपास घडलेला पाण्याचा जग बघायचा तर आधी तो उलटा करावा. बुडाला ग्लेझ, म्हणजे वरचा काचेचा थर, नसतं, तिथे मातीचा खरा रंग दिसतो, भाजक्या विटेपेक्षा जरा गडद. मग सुलटा करून कानाचं खालचं टोक बघावं. तिथे अंगठा दाबून कान पोटाला चिकटवलेला असतो आणि त्या खळग्यात ग्लेझ साठून काकवीसारखं तपकिरी झालेलं असतं. पोटावर पांढऱ्या स्लिपचा, म्हणजे मातीच्या घोळाचा, हात, ग्लेझखाली तो पिवळा मधासारखा दिसतो. त्या थरात बोटाने ओढलेली एक नागमोडी रेघ, खालची तांबडी माती उघडी करणारी. ती रेघ ओढायला दोन-तीन सेकंद पुरतात. पण ते दोन-तीन सेकंद कधी गाठायचे, हे कळण्यात वर्षं जातात.

हा जग ज्या कारखान्यातला, तो मायकेल कार्ड्यूचा (१९०१–१९८३). इंग्लिश स्टुडिओ पॉटरीबद्दल लिहिताना त्याला बहुतेक जण ‘थोर कुंभार बर्नर्ड लीचच्या पहिल्या शिष्यांपैकी एक’ एवढ्यावर उरकतात आणि पुढे आफ्रिकेत गेलेला एक अवलिया म्हणून सोडून देतात. माझ्या मते त्याच्या कामातले मोठे बदल आवडीनिवडीतून कमी आले, माती आणि भट्टीने केलेल्या अडवणुकीतून जास्त. म्हणून इथे त्याच्या चरित्रापेक्षा त्या अडवणुकीबद्दलच जास्त लिहितो.

कार्ड्यूचा जन्म विम्बल्डनचा. सुट्टीत कुटुंब उत्तर डेव्हनमधल्या सॉन्टनला जायचं आणि वडिलांना तिथल्या गावठी भांड्यांचा नाद होता. फ्रेमिंग्टनचा एडविन बीअर फिशली हा त्या भागातला जुना कुंभार. घरात रोज त्याचे जग, त्याची भांडी वापरात. या भागातले कारखाने पूर्वी मातीच्या अख्ख्या पाव-भट्ट्यासुद्धा करून विकत, घराच्या भिंतीत बसवायच्या. म्हणजे पोराने पाहिलेली कुंभारकी ही काचेच्या कपाटातली नव्हती. ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकत असतानाच फिशलीचा नातू विल्यम फिशली हॉलंड याच्याकडे ब्रॉन्टनला जाऊन तो चाकावर बसायला शिकला. १९२३ मध्ये लीचच्या सेंट आयव्ह्जच्या कारखान्यात आला तेव्हा हात बसलेला होता.

लीच आणि जपानी कुंभार शोजी हामादा यांनी १९२० मध्ये तिथे जपानी पद्धतीची भट्टी उभारली होती. लीचचा ओढा स्टोनवेअरकडे, म्हणजे १२५० अंशांच्या वर भाजलेल्या, दगडासारख्या कडक भांड्यांकडे. आपल्याकडची लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी, जिला आपण चिनीमातीची म्हणतो, ती खरं तर स्टोनवेअरच. कार्ड्यूला मात्र हवी होती तांबड्या मातीची, हजार-साडेदहाशे अंशांवर भाजलेली, शिशाच्या ग्लेझची इंग्लिश गावठी भांडी. ती स्वस्तात विकता यावीत आणि साध्या घरात रोज वापरली जावीत, हा त्याचा हट्ट. तीन वर्षांनी, १९२६ मध्ये, त्याने ग्लॉस्टरशरमध्ये विंचकमजवळ ग्रीट इथला बंद पडलेला बेकेट घराण्याचा कारखाना भाड्याने घेतला. जुनी बाटलीच्या आकाराची भट्टी तिथे उभीच होती. बेकेटांकडचा जुना मुख्य कुंभार इलायजा कम्फर्ट पुन्हा कामावर आला आणि सिडनी टस्टिन नावाचा गावातला एक पोरगा हाताखाली मिळाला.

माती

माती तिथलीच, खणून काढलेली. शरद ऋतूत खणायची आणि हिवाळाभर उघड्यावर पसरून ठेवायची. ढेकळांतलं पाणी गोठतं, फुगतं, ढेकूळ आतून फुटतं. दोन-तीन माणसांचं काम थंडी फुकट करते. मग भरपूर पाण्यात कालवायची, चाळणीतून गाळायची, निवळू द्यायची, वरचं पाणी काढून टाकायचं आणि घट्ट झाल्यावर मळायची.

गाळण्याचा कंटाळा केला तर काय होतं? विंचकमच्या आसपासचा कॉट्सवोल्ड हा चुनखडीचा मुलूख. अशा भागातल्या मातीत हरभऱ्याएवढा चुनखडीचा खडा राहिला तर भट्टीत तो भाजून कळीचा चुना होतो. भांडं बाहेर येतं तेव्हा अगदी धड असतं. गिऱ्हाईक घरी घेऊन जातं. पंधरवड्याने हवेतला ओलावा पिऊन तो चुना फुगतो आणि भांड्याच्या अंगावरची टिकली उडते, मधोमध पांढरा ठिपका. हा दोष भट्टीपाशी उभं राहून कधीच दिसत नाही. आपल्याकडचे कुंभारसुद्धा चुनखडी असलेल्या मातीला टरकून असतात, ते याचसाठी.

दुसरी गोष्ट आटण्याची. चाकावरून उतरलेलं भांडं वाळताना आणि भाजताना मिळून लांबी-रुंदीत साधारण १० ते १२ टक्के आटतं. ऐकायला थोडं वाटतं. पण मापाचा हिशोब तिन्ही बाजूंनी होतो. १० टक्के आटलं तर ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.७२९. एक पाइंटचा, ५६८ मिलिलिटरचा जग हवा असेल तर ओला असताना त्यात सुमारे ७८० मिलिलिटर मावायला हवं. सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, गॅलनभराच्या बरणीत ही चूक केली तर लिटरापेक्षा जास्त माप कमी भरतं. जुने कुंभार हा गुणाकार मांडत नसत. प्रत्येक भांड्यासाठी किती वजनाचा गोळा आणि चाकावर किती उंची-रुंदी, हे ठरलेलं असायचं. चाकाशेजारी मापाची काडी रोवलेली, भांड्याची कड काडीला लागली की थांबायचं.

स्लिप

स्लिप म्हणजे माती पाण्यात कालवून केलेला दाटसर घोळ, दुधावरच्या साईइतका. पांढऱ्या मातीची पांढरी, तांबड्या मातीत लोह मिसळून काळपट. भांडं लेदर हार्ड असताना ती ओततात. लेदर हार्ड म्हणजे काय ते शब्दांत सांगणं अवघड. नखाने दाबलं तर खूण उमटते पण बोट चिकटत नाही, आणि कानाला धरून उचललं तर कान हालत नाही, ती अवस्था.

भांडं त्यापेक्षा ओलं असेल तर स्लिपचं पाणी पिऊन ते बसतं, आणि कान असेल तर बहुधा कानच आधी गळून पडतो. जास्त वाळलेलं असेल तर स्लिप वरच्या वर वाळते आणि पापुद्र्यासारखी सुटते, कधी कधी भट्टीतून आल्यावर. कारण साधं आहे: भांडं आटून झालेलं, स्लिप अजून आटायची. दोघांनी बरोबर आटलं पाहिजे. म्हणूनच आतून आणि बाहेरून एकाच दमात स्लिप देत नाहीत. आधी आत ओतून, फिरवून, उरलेली काढून टाकायची, भांडं पुन्हा ताठ होईपर्यंत थांबायचं, मगच बाहेर.

नक्षीचे तीन मार्ग. एक, ओल्या स्लिपमध्ये बोट किंवा फणी फिरवायची, जशी त्या जगावरची नागमोडी रेघ. स्लिपची ओली चमक जाऊन ती मंद दिसायला लागायच्या आत हे उरकायला हवं. चमक पूर्ण असताना बोट फिरवलं तर रेघ पुन्हा भरून येते. चमक गेल्यावर फिरवलं तर कडांना गुठळ्या येतात. दोन, एका रंगाच्या थरावर दुसऱ्या रंगाची स्लिप बारीक तोंडातून सोडायची. मेंदी काढायच्या कोनासारखंच हे. जुने इंग्लिश कुंभार त्यासाठी गाईचं शिंग किंवा मातीची डबी घ्यायचे आणि तोंडाला पिसाची नळी लावायचे. खालचा थर ओला असेल तर रेघ त्यात बसून सपाट होते, वाळत आला असेल तर दोरीसारखी वर उभी राहते. दोन्ही चालतं, पण कोणतं हवंय ते आधी ठरलेलं पाहिजे. तीन, थर ताठ झाल्यावर बांबूच्या टोकाने खरवडून खालची माती उघडी करायची.

कार्ड्यूची नक्षी लीचच्या मानाने उतावळी आहे आणि ती तशीच हवी. स्लिप थांबत नाही. जो कुंभार विचार करत बसतो त्याची रेघ थरथरलेली दिसते.

कच्च्यावर ग्लेझ

आज बहुतेक स्टुडिओत भांडं एकदा हलकं भाजून, बिस्क करून, मग ग्लेझमध्ये बुडवतात. विंचकमला असं नव्हतं. कच्च्याच भांड्यावर ग्लेझ आणि एकच भट्टी. इंधन निम्मं, श्रम निम्मे, आणि स्वस्त भांडी विकायची तर दुसरा रस्ताही नव्हता. पण कच्चं भांडं म्हणजे नुसती वाळलेली माती. त्यावर पाण्यातलं ग्लेझ ओतलं की ती पाणी पिते, एका बाजूने फुगते, आणि बूड किंवा कानाचा सांधा तडकतो. त्यावर उपाय दोन. पहिला, लेदर हार्ड असतानाच ग्लेझ द्यायचं, तेही आत एकदा आणि मध्ये थांबून बाहेर. दुसरा, ग्लेझमध्ये भरपूर माती घालायची, म्हणजे भांड्याबरोबर ग्लेझही आटेल. माती कमी पडली तर ग्लेझ वाळल्यावर खवल्यांनी गळतं आणि भाजल्यावर तिथे उघडं टक्कल राहतं.

ग्लेझ होतं गॅलेनाचं. गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज, शिसे आणि गंधक. त्यात तांबडी माती आणि सिलिका, म्हणजे गारगोटीची पूड. भट्टी तापत गेली की गंधक जळून उग्र वासाने निघून जातं आणि उरलेलं शिसे सिलिका विरघळवून हजार अंशांच्या आतच काच करायला लागतं. तांबड्या मातीतलं लोह त्या काचेला मधाचा रंग देतं. पांढऱ्या स्लिपवर पिवळा, उघड्या अंगावर तपकिरी. एकच ग्लेझ, दोन रंग.

यात भट्टीवाल्याची परीक्षा आहे. गंधक निघायच्या आत ग्लेझ वितळून बसलं तर खालून वायू वर येतो आणि फोड धरतात. धूर कोंडला, हवा कमी पडली, तर शिसे काळवंडतं आणि अख्खी रांग मळकट निघते. म्हणजे भट्टी सतत मोकळ्या हवेत, स्वच्छ जाळावर चालवायची. आणि कच्चा माल असल्यामुळे सुरुवात फार सावकाश. मातीत उरलेलं पाणी निघेपर्यंत जाळ जरा जरी वाढला तरी वाफ भांडं फोडते, आणि त्याचे तुकडे शेजारच्या दहा भांड्यांवर जाऊन बसतात. पुढे ५७३ अंशांला मातीतल्या क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, कण एकदम फुगतात, आणि निवताना त्याच अंशाला एकदम आकसतात. घाईने भट्टी उघडणाऱ्याला हा आकडा चांगला पाठ होतो.

बाटलीच्या आकाराच्या भट्टीत जाळ खालून वर जातो. बुडाला सभोवार जाळ घालायची तोंडं, वर चिमणीसारखा निमुळता कोठा. रचना सोपी, पण खाली आणि वर तापमान सारखं कधीच नसतं. खालची भांडी जास्त भाजून ग्लेझ पायाशी वाहून येतं, तर दूरच्या कोपऱ्यात ते वितळतच नाही, खरखरीत राहतं. म्हणून भट्टी भरणं हीच अर्धी विद्या. कुठल्या जागेला कुठलं भांडं सोसेल, ते ओळखून ठेवायचं. कार्ड्यूला हे एकदम जमलं नाही. सुरुवातीच्या भट्ट्यांत बराच माल गेला.

शिशाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण हे ग्लेझ फोटोत फार सुंदर दिसतं आणि कोणाला तरी करून बघायची हुक्की येते. करू नका. आंबट पदार्थ अशा ग्लेझमधलं शिसे ओढून घेतात. हिरव्या रंगासाठी त्यात तांबं घातलं तर शिसे आणखी सहज सुटतं. कार्ड्यूच्या सर्वांत देखण्या वस्तूंमध्ये सायडरच्या मोठ्या बरण्या आहेत, तळाशी तोटीचं भोक असलेल्या, आणि सायडर म्हणजे सफरचंदाची आंबट दारू. त्याच्या बालपणीच्या डेव्हन परगण्यात अठराव्या शतकात सायडर पिणाऱ्यांना पोटाची भयंकर कळ यायची, ‘डेव्हन कॉलिक’ नावाची. १७६७ मध्ये जॉर्ज बेकर या डॉक्टरने दाखवलं की ते शिशाचं विष आहे, आणि सायडर काढायच्या यंत्रातल्या शिशाकडे बोट केलं. परगणा तोच, पेय तेच. जुनी विंचकमची बरणी मिळाली तर फळीवर ठेवा. कैरीचं लोणचं त्यात चुकूनही घालू नका.

आणखी एक उणीव. हजार अंशांची माती सच्छिद्र राहते. ग्लेझला बारीक तडे गेले की जग माठासारखा पाझरतो आणि टेबलावर ओलं वर्तुळ उठतं. कडांचे टवके उडतात. रोजच्या वापराची भांडी करायचा हट्ट आणि रोजच्या वापरात न टिकणारी माती, ही कार्ड्यूची खरी कोंडी. रे फिंच १९३६ मध्ये तिथे कामाला आला, १९३९ मध्ये कारखाना त्याच्या हाती सोपवून कार्ड्यू कॉर्नवॉलला वेनफर्ड ब्रिज इथल्या एका जुन्या खानावळीत गेला. फिंचने १९४६ मध्ये विंचकम विकत घेतलं आणि पुढे तोसुद्धा हळूहळू पूर्ण स्टोनवेअरकडे वळला. गावठी तांबड्या भांड्यांवर जीव असणारी ही दोन माणसं, आणि दोघांनाही शेवटी ती सोडावी लागली.

आफ्रिका

१९४२ मध्ये कार्ड्यू गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला, अचिमोटा कॉलेजात गेला. आधी तिथे हॅरी डेव्हिस हा उत्तम कुंभार होता. युद्धामुळे बाहेरून माल येईना, म्हणून अलाजो इथे कौलं, विटा, भांडी असं सगळं मोठ्या प्रमाणावर करायचं ठरलं. हे फसलं. खरं तर फसणारच होतं. दहा किलो मातीवर जे कळतं ते दहा टनांवर तसंच लागू होत नाही: भट्टी मोठी झाली की आतलं तापमान असमान होतं, विटा स्वतःच्या वजनाने आणि उष्णतेने सरकतात, आणि मातीच्या एका खड्ड्याचा स्वभाव शेजारच्या खड्ड्याला नसतो. १९४५ मध्ये तो उद्योग बंद झाला.

शहाणा माणूस घरी गेला असता. कार्ड्यू व्होल्टा नदीकाठच्या वुमे गावी गेला आणि स्वतःच्या हिमतीवर पुन्हा भट्टी बांधली. का, तर इथल्या मातीचं स्टोनवेअर होतं हे सिद्ध करायला. तीन वर्षांत हाती लागली ती मोजकी भांडी, गर्द हिरवट कांस्याच्या रंगाची, जड, गंभीर. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सर्वांत सुंदर. बाकीचा माल भट्टीत गेला आणि त्याची तब्येतही. १९४८ मध्ये तो परतला.

स्टोनवेअरमध्ये माती कशी दगा देते ते इथे सांगतो. प्रत्येक मातीला एक कमाल तापमान असतं. त्याच्या पुढे ती आतून वितळू लागते, छिद्रं बंद होतात आणि आत उरलेला वायू कोंडतो. मग अंगावर पुळ्यांसारखे फुगवटे येतात, भांडं फोडलं तर आत खारीच्या बिस्किटासारखी जाळी. यालाच ब्लोटिंग म्हणतात. उपाय: ७०० ते ९०० अंशांच्या दरम्यान भट्टी भरपूर हवेत सावकाश चालवून मातीतला कार्बन आधीच जाळून टाकायचा, किंवा जास्त तापमान सोसणारी माती मिसळायची, किंवा मुकाट्याने कमी अंशांवर थांबायचं. दुसरा दोष ग्लेझला तडे जाण्याचा. निवताना ग्लेझ अंगापेक्षा जास्त आकसलं तर ते ताणलं जाऊन तडकतं. बारीक दळलेली सिलिका वाढवली की बहुधा थांबतं. फार वाढवली तर उलटं होतं: ग्लेझ दाबाखाली येतं आणि कडेवरून धारदार कपचे उडतात. हे जास्त वाईट, कारण कपचा पोटात जाऊ शकतो.

१९५१ मध्ये नायजेरियाच्या सरकारने त्याला पॉटरी ऑफिसर नेमलं आणि पुढच्या वर्षी अबुजाला प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. हे अबुजा म्हणजे आजची राजधानी नव्हे. राजधानीसाठी ते नाव घेतलं गेलं आणि जुन्या गावाचं नाव सुलेजा झालं. केंद्र होतं ते या सुलेजात.

अबुजाला तयार ग्लेझ, तयार फेल्डस्पार (ग्लेझ वितळवणारं दगडातलं खनिज) मागवायची सोय नव्हती, आणि मागवायची इच्छाही नव्हती. आसपासचे दगड आणायचे, ओळखायचे, दळायचे. गारगोटी घणाने फुटत नाही. ती लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकायची. ५७३ अंशांचा तोच झटका, जो भांड्याचा काळ आहे, तो इथे कामाला येतो. गारगोटी आतून भेगाळते आणि मग कुटता येते. लाकडाची राख आधी चाळायची, पाण्यात भिजत ठेवायची, वरचं पाणी दोन-तीनदा ओतून टाकायचं. ते पाणी क्षाराचं असतं, हाताची सालं काढतं. आपल्या आज्या राखेच्या पाण्यात कपडे धूत, ते याच क्षाराच्या जोरावर. सुरुवातीला राख ४०, फेल्डस्पार ४०, माती २० भाग, असं एक जुनं माप कुंभारांमध्ये चालतं. तिथून पुढे प्रत्येकाने आपापल्या राखेचा शोध घ्यायचा, कारण एका झाडाची राख दुसऱ्यासारखी नसते. पद्धत अशी: दोन जिन्नस घ्यायचे, १०० आणि ०, ९० आणि १०, ८० आणि २०, असं ० आणि १०० पर्यंत ११ मिश्रणं. प्रत्येकाची एक फरशी, पाठीवर लोहाच्या रंगाने आकडा. सगळ्या एका भट्टीत, शक्यतो शेजारी शेजारी. नवशिके आकडा घालायला विसरतात, आणि भट्टीतून एक अप्रतिम फरशी निघते जिचा पत्ता कायमचा हरवलेला असतो.

हे सगळं ज्ञान १९६९ मध्ये ‘पायोनिअर पॉटरी’ या पुस्तकात आलं. दुकानापासून दूर असलेल्या कुंभाराने खडकापासून भांड्यापर्यंत कसं जायचं, याचं ते पुस्तक आहे. वाचायला सोपं अजिबात नाही. भूगर्भशास्त्र, रेणूंचे हिशोब, भट्टीची गणितं. ग्रीक-लॅटिनवाल्याने पन्नाशीत बसून रसायन शिकलं, ते अलाजो आणि वुमेला मार खाल्ला म्हणून.

लादी क्वाली

अबुजाच्या अमीराच्या घरी कार्ड्यूने काही पाण्याची मडकी पाहिली. ती घडवणारी होती क्वाली गावची लादी, ग्वारी समाजातली. केंद्रात तोवर सगळे पुरुष चाकावर शिकत होते. आपल्याकडेही चाक पुरुषाचं आणि बाकीची निम्मी कामं बाईची. ग्वारींमध्ये मात्र हाताने मडकी करणं हे बायकांचंच शास्त्र. १९५४ मध्ये लादी केंद्रात आली, पहिली स्त्री.

तिची पद्धत जवळून बघण्यासारखी आहे. चाक नाही. मातीच्या गोळ्यात मूठ घालून बूड आणि खालची भिंत ओढायची. मग त्यावर मातीच्या जाड वळ्या चढवायच्या. भांडं जागेवर स्थिर, आणि बाई त्याभोवती फिरते, उलट्या पावलांनी, एक हात आत, एक बाहेर. भोपळ्याच्या करवंटीचा तुकडा घेऊन भिंत खरवडून पातळ आणि गोल करायची. मग ओल्या अंगावर सरडे, विंचू, मासे, साप कोरायचे आणि मोकळ्या जागेत खाचा पाडलेली काडी लाटण्यासारखी फिरवून ठसे उमटवायचे. गावात ही मडकी उघड्या जाळावर भाजत, आपल्या आव्यासारखी. केंद्रात कोरलेल्या रेघांत पांढरी स्लिप भरली गेली, वरून हिरवट ग्लेझ आलं आणि ती लाकडाच्या भट्टीत स्टोनवेअरच्या तापमानाला भाजली गेली. काळपट अंगावर पांढरे सरडे, हिरव्या पाण्यात बुडाल्यासारखे.

देखणं आहे, वादच नाही. पण उघड्या जाळावरचं मडकं सच्छिद्र असतं, पाणी पाझरतं, सुकतं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. आपला माठ त्यावरच चालतो. तेच मडकं तेराशे अंशांच्या जवळ नेऊन वर ग्लेझ चढवलं की पाझर बंद, गारवाही बंद. मडक्याचं मूळ काम गेलं. उरली ती लंडनच्या बर्कली गॅलरीत १९५८ पासून मांडली गेलेली कलावस्तू. रोजच्या वापराची भांडी हा ज्याचा आयुष्यभराचा आग्रह, त्याच्या केंद्राचं सर्वांत गाजलेलं काम हे असं निघालं. लादीला मात्र त्यातून नाव मिळालं, ते तिच्या हाताचंच होतं. तिने ब्रिटन आणि अमेरिकेत प्रात्यक्षिकं दिली, एका विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली, आणि नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर मागच्या बाजूला ती मडकं घडवताना दिसते. कार्ड्यू कुठल्याही नोटेवर नाही.

१९६५ मध्ये तो निवृत्त होऊन वेनफर्ड ब्रिजला परतला आणि शेवटपर्यंत तिथे स्टोनवेअर करत राहिला. हाताखाली शिकलेल्यांत स्वेन्ड बायर पुढे मोठा कुंभार झाला, मुलगा सेथही कुंभारच. दुसरा मुलगा कॉर्नेलियस संगीतकार.

भांडी ओळखायची झाली तर पुन्हा बुडाकडे या, किंवा कानाखाली, बुडाजवळच्या कडेवर. डब्ल्यू आणि पी या अक्षरांचा ठसा म्हणजे विंचकमचा कारखाना. तेवढ्यावरून भांडं कार्ड्यूचं ठरत नाही, ते कम्फर्टचं, टस्टिनचं, फिंचचंही असू शकतं. शेजारी एम आणि सी असेल तर ते त्याच्या हातचं. लिलावात हा फरक किमतीत बराच दिसतो, चाकावर मात्र नेहमीच दिसतो असं नाही. कम्फर्टची मोठी परातीसारखी भांडी कोणाच्याही तोडीची आहेत. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, यॉर्कची आर्ट गॅलरी आणि वेल्समधल्या अॅबरिस्टविथ विद्यापीठाचा संग्रह, इथे कार्ड्यूची भांडी पाहता येतात. काचेआड असल्यामुळे उलटी करून बघता येत नाहीत, एवढीच अडचण.